सवलत नको, आधी बिल दाखवा

“ताई, बिल एक लाख ऐंशी हजार झालंय. साहेबांच्या पीएला फोन लावलाय. वीस-पंचवीस कमी करून देतो म्हणालेत.”

रात्री साडेअकराला हा फोन आला. पोरगा शिरूर तालुक्यातला, रांजणगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, महिना चौदा हजार. घरात कमावणारा तो एकटाच. वडिलांना पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ठेवून आठ दिवस झाले होते, दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळणार होती. मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. रुग्णालय ट्रस्टचं आहे का? बिलाची सविस्तर प्रत घेतलीस का? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढलेला आहे का? दाखला नव्हता. बाकी दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच, “ते काय माहीत नाही ताई, पण साहेबांचा फोन गेलाय ना, होईल.”

झालं. पंचवीस हजार कमी झाले. उरलेल्यासाठी आईचं गंठण मोडलं, चुलत्याकडून उसने घेतले आणि बायकोच्या नावावर फायनान्सचं कर्ज उचललं. त्याचा हप्ता अजून चालू आहे. त्याच संध्याकाळी पोराच्या स्टेटसला साहेबांचा फोटो, खाली ‘गोरगरिबांचे कैवारी’.

दोन आठवड्यांनी त्याच्या घरी चहा पिताना मी ते बिल हातात घेतलं. सगळ्यात वर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक छापलेला. सगळ्यात खाली पंचवीस हजारांची वजावट, आणि वजावटीपुढे तीन अक्षरं : आयपीएफ.

आयपीएफ म्हणजे निर्धन रुग्ण निधी. तो साहेबांच्या खिशातला नसतो आणि रुग्णालयाच्या विश्वस्तांच्याही खिशातला नसतो. या पोराच्या बापासारख्या रुग्णांसाठीच तो बाजूला काढून ठेवावा लागतो. चौदा हजार गुणिले बारा, म्हणजे वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत आहे, त्याला अशा रुग्णालयात राखीव खाटेवर मोफत उपचार मागता येतात. अख्खं ताट त्याचं होतं. त्यातला एक घास साहेबांनी त्याला भरवला आणि फोटो काढून घेतला.

मला त्या पोराचा राग नाही. बाप आयसीयूत असताना कोणीही कोणाचेही पाय धरेल. राग आहे तो आपल्यावर, चळवळीतल्या लोकांवर. त्या रात्री त्याच्या मोबाईलमध्ये पीएचा नंबर होता, सरपंचाचा होता, माझाही होता. पण माझा फोन त्याने आठव्या दिवशी केला, आणि तोही सल्ला विचारायला नव्हे, तर आनंदाची बातमी द्यायला.

आपल्या आज्या-पणज्यांना येसकरकी माहीत होती. गावाची राखण करायची, सांगावे पोहोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि मग भाकरी मागत दारोदार फिरायचं. भाकरी ही कामाची मजुरीच होती. पण ती मजुरी म्हणून कधी हातात पडली नाही. ती मागून घ्यावी लागे, आणि वाढणारा उपकार केल्यासारखी वाढी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते या रचनेला हात घालायला. ही गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. त्याला साठ वर्षं उलटून गेली, तरी रुग्णालयाच्या काउंटरसमोर उभे राहिलो की आपण परत पाटी पुढे करतो. ‘काहीतरी बघा ना साहेब.’ ‘गरीब माणूस आहे, थोडं कमी करा.’ आपलंच देणं आपणच भीक म्हणून मागतो. समाजशास्त्रात आम्ही याला आश्रयदाता आणि आश्रित यांचं नातं म्हणतो. वस्तीत याला साधं नाव आहे, मिंधेपणा. येसकराच्या भाकरीच्या बदल्यात रात्रभर गस्त घालावी लागायची, इथे पंचवीस हजारांच्या बदल्यात पुढच्या निवडणुकीत अख्ख्या भावकीची मतं द्यावी लागतात. आणि हे साहेब निळ्या झेंड्याचे असले म्हणून त्यात काही फरक पडत नाही, हेही सांगून टाकते. आपल्यातल्या काहींनी तर ‘पेशंटचं काम करून देतो’ हीच आपली ओळख बनवली आहे. तालुक्याला त्यांचे बॅनर आहेत. पण एकाही रुग्णाच्या नातेवाइकाला त्यांनी कायद्याचं नाव सांगितलेलं नाही. का सांगतील? सांगितलं तर तो पुढच्या वेळी त्यांच्याकडे येणार नाही.

तर कायदा काय आहे ते आधी नीट समजून घेऊ.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यात कलम ४१ कक आहे. जी मोठी रुग्णालयं ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहेत, म्हणजे धर्मादाय संस्था म्हणून कर सवलती आणि इतर फायदे घेतात, त्यांनी गरिबांवर उपचार केलेच पाहिजेत असं ते सांगतं. कलम होतं, पण कोणी पाळत नव्हतं. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी योजना मंजूर केली आणि तेव्हापासून ती बंधनकारक आहे. एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत. आणखी १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीत, बिलाच्या निम्म्यापर्यंत. यासाठी रुग्णालयाने बाकी सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार.

हे आकडे महिन्यात मोडून बघा. पंधरा हजार आणि तीस हजार. कुरकुंभच्या केमिकल कंपनीतला हेल्पर, शिक्रापूर-सणसवाडीतला सिक्युरिटी गार्ड, पाटसजवळच्या हायवे हॉटेलवरचा वेटर, केडगावच्या कपड्याच्या दुकानात उभी राहणारी पोरगी, नगरपरिषदेचे कंत्राटी सफाई कामगार. शिरूर आणि दौंड तालुक्यातली आपली बहुतेक वस्ती या दोन आकड्यांच्या आत आहे. पण आपल्या डोक्यात ‘योजना’ म्हटलं की पिवळं रेशनकार्ड आणि दारिद्र्यरेषा. नारिंगी कार्डवाला स्वतःच काउंटरवर जात नाही. ज्याला निम्मं बिल माफ व्हायला हवं तो पाच टक्के डिस्काउंटवर खुश होऊन घरी येतो.

निर्धन रुग्णाच्या बाबतीत खाट, नर्सिंग, तिथल्या निवासी डॉक्टरांची सेवा, रुग्णालयच जेवण देत असेल तर जेवण, चादरी, पाणी, वीज, घरसफाई आणि नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचेच नसतात. औषधं, सुया-नळ्या, बसवलेलं इम्प्लांट यांची किंमत रुग्णालयाने ज्या दराने खरेदी केली त्या दराने धरायची, छापील किमतीने नाही. हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण बिलात पैसा सर्वांत जास्त तिथेच असतो. २०१८ साली राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा लावलेला सापडला. हातमोजे, सिरिंज, थ्री-वे, असल्या किरकोळ दिसणाऱ्या ओळी. आपण बिल हातात आलं की खालचा आकडा बघतो आणि डोक्याला हात लावतो. वरच्या चाळीस ओळी कोणी वाचत नाही.

आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम मागायचीच नाही, हेही त्याच योजनेत आहे. आधी दाखल करा, जीव वाचवा, कागदपत्रं मागून. एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाचं प्रकरण गाजलं ते आठवत असेल. गरोदर बाईच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, दुसरीकडे नेल्यावर जुळ्या मुली जन्मल्या आणि आई गेली. राज्यभर संताप झाला, मोर्चे निघाले, शाई आणि चिल्लर फेकली गेली. त्यानंतर त्या रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे जे २००६ पासून बंधनकारक होतं ते २०२५ साली जाहीर केलं, आणि ते आपल्याला नवी सुधारणा वाटली! तो बळी एका सत्ताधारी आमदाराच्या स्वीय सहायकाच्या घरातला होता म्हणून बातमी झाली. इंदापूर, दौंड, शिरूरच्या वस्त्यांतून अनामत नाही म्हणून किती गाड्या परत फिरल्या असतील, त्यांची कोणी नोंद ठेवलेली नाही. आपणही ठेवली नाही.

आता आपल्या तालुक्यांचा खरा घोळ सांगते. धर्मादाय रुग्णालयं बहुतेक पुणे शहरात आहेत. केईएम, जहांगीर, रूबी हॉल, पूना हॉस्पिटल, दीनानाथ ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण ती धर्मादाय आहेत हे माहीत नाही. शिरूर किंवा दौंडपासून ती साठ-सत्तर-ऐंशी किलोमीटर. आपला रुग्ण आधी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जातो. दोन दिवस तिथे, मग डॉक्टर म्हणतात ‘पुण्याला हलवा’. खासगी अँब्युलन्स बोलावली जाते. आणि पुढे शिरूरहून निघालेली गाडी वाघोली-खराडीत थांबते, दौंडहून निघालेली हडपसरमध्ये. कुठल्या दारात थांबायचं हे कोण ठरवतं? नातेवाईक ठरवत नाहीत. त्यांना रस्ताही नीट माहीत नसतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘इथं चांगलं आहे, माझी ओळख आहे.’ ही ओळख कसली असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्या दारात ती गाडी थांबते, त्या दारावर तुमचा हक्क ठरतो. गाडी कंपनीच्या किंवा मालकाच्या रुग्णालयात थांबली तर कलम ४१ कक संपलं. तिथे तुम्ही कितीही कायदा बोला, तो त्यांना लागूच नाही. ट्रस्टच्या रुग्णालयात थांबली तर लागू. म्हणून बिलाची लढाई काउंटरवर सुरू होत नाही, ती शिक्रापूरच्या किंवा यवतच्या आधीच, गाडीत बसल्या बसल्या व्हायला हवी. डॉक्टरांनी ‘पुण्याला न्या’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न ‘पुण्यात कुठे’ हा आहे. त्याचं उत्तर ड्रायव्हरने द्यायचं नाही. धर्मादाय रुग्णालयांची यादी तुमच्या फोनमध्ये हवी, आणि गाडी निघताना फोन करून विचारायचं : राखीव खाट आहे का, वैद्यकीय समाजसेवक कोण आहेत, त्यांचं नाव काय.

वैद्यकीय समाजसेवक. एमएसडब्ल्यू झालेला हा माणूस प्रत्येक मोठ्या धर्मादाय रुग्णालयात असतो. निर्धन रुग्णाची कागदपत्रं तपासणं हे त्याचं काम. पण तो तुम्हाला शोधत येणार नाही. दाखल केल्याच्या पहिल्याच दिवशी त्याला गाठायचं, अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची. सुट्टीच्या दिवशी गेलात तर ‘आता बिल फायनल झालं’ हेच ऐकायला मिळेल. ‘खाट शिल्लक नाही’, ‘आयपीएफ संपला’ ही दोन उत्तरं तोंडपाठ असतात. ती खरी असू शकतात. खरी असतील तर लेखी द्यायला काय हरकत आहे? त्या निधीचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यावाच लागतो. लेखी मागितलं की दहापैकी काही वेळा खाट सापडते, हा माझा अनुभव. सापडली नाही तर तो कागद घेऊन धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करता येते. तोंडी नकार सिद्ध करणं अवघड जातं.

उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा. तलाठ्याचा अहवाल, मग सेवा केंद्र, मग तहसील. बाप व्हेंटिलेटरवर असताना हे होत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची ही आपली जुनी खोड. पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी आपण दरवर्षी दाखला काढतोच, तोच जपून ठेवायचा.

एका मित्राने मला विचारलं, फोन लावण्यात वाईट काय? काम झालं ना? त्याला मी ते बिल दाखवलं. फोन चालतो, कारण रुग्णालयाला माहीत असतं की निधी आहे आणि तो द्यायचाच आहे. कोणाला द्यायचा हे मात्र कायद्याऐवजी फोन ठरवतो. म्हणजे ज्याच्या ओळखीचा पीए आहे त्याला पंचवीस हजार, आणि भीमा नदीकाठच्या वीटभट्टीवरच्या ज्या बाईला कोणाचाच नंबर माहीत नाही तिला शून्य. आपण फोन लावतो तेव्हा रांगेत तिच्या पुढे घुसतो.

तालुक्याच्या खासगी दवाखान्यांचं काय? तिथे खरं बोलायला हवं, कारण चळवळीत खोटी आशा दाखवणारे पुष्कळ झाले. शिरूर-दौंडमधली बहुतेक नर्सिंग होम डॉक्टरांच्या मालकीची आहेत. त्यांना धर्मादाय योजना लागू नाही. दर किती असावेत यावर महाराष्ट्रात कायमचं बंधन नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेलाच नाही, आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. त्याच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, रुग्णहक्कांची सनद लावायची, तक्रार ऐकायची सोय करायची, एवढं त्यात आलं. किती ठिकाणी लावलंय ते एकदा फिरून बघा.

तर इथे उरते ती घासाघीस. पण घासाघीस आणि भीक यांत फरक आहे. बाजारात कांदा घेताना आपण ‘गरीब आहे हो’ म्हणत नाही, भाव विचारतो. ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधी विचारा : पॅकेज किती, त्यात काय काय धरलंय, भूलतज्ज्ञाची फी धरली का, औषधं धरली का, एक दिवस जास्त राहावं लागलं तर किती. कागदावर लिहून घ्या. काउंटरवरच्या पोरीशी भांडू नका, तिच्या हातात काही नसतं, ती बहुतेक आपल्याच वस्तीतली असते. डॉक्टरांशी बोला, शांतपणे, शक्यतो सकाळी. जनरल वॉर्डचा दर मागा, कारण त्याच तपासणीचा आणि त्याच ऑपरेशनचा दर खोलीप्रमाणे वाढतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. औषध बाहेरून आणायचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. वापरली न गेलेली औषधं मेडिकलला परत करून पैसे वजा करून घ्या. आणि कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टँपपेपरवर सही करू नका, काहीही झालं तरी.

पैसे बाकी आहेत म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, देह अडवता येत नाही. हे त्याच सनदेत आहे. थकलेल्या बिलासाठी रुग्णाला डांबणं बेकायदेशीर आहे असं मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं आहे. बिल थकलं तर ते दिवाणी देणं. वसुलीचा मार्ग कोर्टातून आहे, वॉर्डाच्या दाराला कडी लावून नाही. केसपेपरच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात, हा डॉक्टरांच्याच आचारसंहितेतला नियम आहे.

आता माझ्या तरुण भावांसाठी एक कडू गोष्ट. दगाफटका झाला की आपली पोरं काचा फोडतात. राग समजतो. पण २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे : वैद्यकीय कर्मचाऱ्यावर हात टाकला किंवा मालमत्ता फोडली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा अजामीनपात्र, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. कोरेगाव भीमा आपल्याच शिरूर तालुक्यात आहे. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर राज्यात किती पोरांवर गुन्हे लागले, किती जणांची पोलीस भरती आणि पासपोर्ट अडकले, हे कोणाला सांगायला हवं का? एका फुटलेल्या काचेवर रुग्णालय सुटतं. चुकीचं बिल मागे पडतं, आणि बातमी होते ‘जमावाची तोडफोड’. सविस्तर बिल मागणारा एक माणूस त्यांना पन्नास जणांच्या जमावापेक्षा जास्त अडचणीचा वाटतो, हे मी स्वतः पाहिलंय.

डॉक्टरांची बाजूही आहे, ती टाळणार नाही. तालुक्याला दवाखाना टाकणारा डॉक्टर कर्जात असतो, जनरेटर, स्टाफ, मशीनचे हप्ते. रात्री दोनला उठून बाळंतपण करणारे, पैसे नंतर द्या म्हणणारे डॉक्टर मला माहीत आहेत, त्यात आपल्या समाजातलेही आहेत. पण ‘दर बांधले तर दवाखाने बंद पडतील’ हे मला पटत नाही. २०२० साली कोविडमध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले होते. वॉर्ड ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये रोज. लेखापरीक्षक बसवले, जास्तीची बिलं तपासली गेली, लोकांना पैसे परत मिळाले. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी तेव्हा बिलं गोळा करून पाठपुरावा केला. दवाखाने चालूच राहिले. साथ ओसरली आणि ते बंधन गेलं. ते परत आणा, ही मागणी आपल्या किती मोर्चांत होती?

‘पण आता पाच लाखांचं कार्ड आहे ना?’ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या शासन निर्णयाने सगळ्या कुटुंबांना खुली झाली. पण ती ठरावीक उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांतच चालते. दाखल होताना आरोग्यमित्राला गाठलं तर चालते. रोख बिल भरून झाल्यावर कार्ड दाखवलं तर उपयोग नाही. शंका असेल तर १५५३८८ या क्रमांकावर विचारा. आणि ‘यात बसत नाही’ म्हणाले तर का बसत नाही ते लिहून मागा. परत तेच, लिहून मागा.

शेवटी त्या पोराकडे परत येते, कारण त्याची लूट एकदा नाही, दोनदा झाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी करायचं काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे दिलं गेलं, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, आणि १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. त्याला आपण ईएसआय म्हणतो. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के, आणि कामगाराबरोबर त्याच्या कुटुंबाचा, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-बापाचाही उपचार. चौदा हजार पगाराच्या या पोराचा ईएसआय हवाच होता. मी पगाराची स्लिप मागितली. “स्लिप देत नाहीत ताई, खात्यावर पैसे येतात.” कापतात का? “कापतात काहीतरी.” नंबर? नंबर त्याला कधी दिलेलाच नाही. ठेकेदाराने भरला नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी असते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चिंचवडला आणि बिबवेवाडीला ईएसआयची रुग्णालयं आहेत हेही नाही. ‘आमच्याकडे विमा नाही’ असं आपण सहज म्हणतो. बाबासाहेब मजूरमंत्री असताना ज्याचा पाया घातला गेला तो विमा या पोराच्या पगारातून कापला जातो, आणि मध्येच कुठेतरी गडप होतो. १४ एप्रिलला डीजेसाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळाने एका वर्षी फक्त एवढं विचारावं की आपल्या गल्लीतल्या किती कंत्राटी कामगारांना ईएसआयचा नंबर माहीत आहे. मी विचारलं होतं. सोळा जण होते. दोघांना माहीत होता.

म्हणून आम्ही काहीजणांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास बिलं वाचायला सुरुवात केली आहे. आजारी भिक्खूला इतरांनी टाकून दिलं होतं तेव्हा तथागतांनी स्वतः त्याला अंघोळ घातली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आम्ही अंघोळ घालत नाही, फक्त फाइल उघडतो. जुनी बिलंही आणा, भरून झालेली आणा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचतो. आतापर्यंत बहुतेकांनी एकच गोष्ट आणलेली नसते, सविस्तर बिल. त्यांच्याकडे फक्त एक पावती असते, ‘एकूण रक्कम’ लिहिलेली.

तो पोरगाही येतो. त्याचा दाखला आता निघालाय, ईएसआयचा अर्ज लिहिलाय, ठेकेदाराने अजून नंबर दिलेला नाही. स्टेटसवरचा साहेबांचा फोटो त्याने काढला की नाही ते मी विचारलं नाही.

आम्हाला सध्या माणसं कमी पडतात. बी.फार्म. किंवा डी.फार्म. झालेलं कोणी असेल तर औषधांच्या ओळी वाचायला हवं आहे. दौंडच्या बाजूला कुरकुंभ-पाटस भागात बसणारं कोणी नाही, तिथून लोकांना शिरूरला यावं लागतं आणि एसटी सोयीची नाही. नर्सिंग केलेल्या मुली असतील तर फारच बरं. येताना पेन आणा, आणि घरातलं एखादं जुनं बिल.

जय भीम.